शपथ झाल्याशिवाय आईचा अर्ज नाही

मुलाची नागरिकत्वाची मुलाखत पास झाली, की अमेरिकेत पाहुणी आलेल्या आईचा ग्रीन कार्डचा अर्ज भरायला हरकत नाही, असं एका लेखात म्हटलंय. जरा दमानं घ्या की! मुलाखत पास झाली म्हणजे नागरिक झाला असं नव्हे. शपथ घेतली की मगच. आई-वडिलांसाठी आय-१३०, म्हणजे नातं दाखवून ग्रीन कार्ड मागायचा पहिला अर्ज, भरायचा हक्क २१ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकालाच, ग्रीन कार्डवाल्याला नाहीच.

आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्लीगल्लीतली पोरं तिकडं आहेत, त्यामुळं हा घोळ सारखा कानावर येतो. पासपोर्टात दहा वर्षांचा व्हिसा बघून आई निर्धास्त. मुक्काम संपायची खरी तारीख असते आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या प्रवेशनोंदीवर, बहुधा सहा महिन्यांची. शपथ लांबली तर ती तारीख उलटायच्या आत आय-५३९ भरून मुदतवाढ मागावी, नाहीतर सरळ परत यावं. नागरिकाच्या आई-वडिलांना वार्षिक कोट्याची रांग नाही, त्यामुळं नंतर मुंबईच्या वकिलातीतून इमिग्रंट, म्हणजे कायम राहायचा, व्हिसा घेऊन जाणं काही वाईट नाही. कायमचं राहायचं मनात धरून पर्यटक व्हिसावर जाणं मात्र अंगाशी येतं, एजंट काहीही सांगू दे.

खरी कटकट आई-मुलाचं नातं दाखवणाऱ्या इथल्या कागदांची. जुन्या जन्मदाखल्यात पोराच्या नावाची जागा कोरी, आईचं नाव माहेरचं, पासपोर्टावर सासरचं! महापालिकेत जाऊन ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. आणि हो, वडिलांचा अर्ज वेगळा भरावा लागतो. आईच्या अर्जात ते येत नाहीत.