कुणाकडं चालले?

मोठ्या मोटारसायकलवरून हिंडणाऱ्याला लोक विचारतात, "किती सीसी?" मला विचारतात, "कोण वारलं?"

लोकांचंही बरोबर आहे. मराठवाड्यात शंभर सीसीच्या गाडीवर, मागे ट्यूबच्या रबराने पिशवी आवळून, हेल्मेटच्या आत मफलर कोंबून, धुळीने माखलेला पंचेचाळिशीचा माणूस गावात शिरला, तर त्याची कारणं ठरलेली असतात. दहावं-तेरावं, कोर्टाची तारीख, जमिनीचा फेर, सोयरीक, नाहीतर दवाखान्यात कुणीतरी ॲडमिट. 'नुसतं बघायला आलो' हे कारण या यादीत नाही. ते सांगितलं की समोरचा दोन पावलं जवळ येतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "आता खरं सांगा."

पाचशे सीसीवाल्याला कुणी खरं सांगायला लावत नाही. त्याच्या गुडघ्याला कवच, कोपराला कवच, जाकिटावर लडाखचे बिल्ले. तो विनाकारण आलेला आहे हे लांबूनच दिसतं. माझ्या गाडीला विनाकारण कुठे जायची परवानगीच नाही. कागदावर ९७.२ सीसी, ताकद साधारण आठ हॉर्सपॉवर, गिअर चार. हीच गाडी दूधवाल्याकडे असते, ग्रामसेवकाकडे असते, विमा एजंटाकडे असते आणि लग्नात जावयालाही हीच मिळते. आमच्या संभाजीनगरात तर वाळूजला १९८५ पासून बजाजच्या कारखान्यात दुचाक्या बनतात. तरीही, किंवा म्हणूनच, मोटारसायकल ही पहिल्या शिफ्टला जायची वस्तू आहे, तिच्यावर बसून हौसेने कुठे जायचं नसतं, अशी निम्म्या शहराची ठाम समजूत आहे.

"त्या गाडीवर तुळजापूर? एसटीला काय धाड भरलीय?" बायकोने विचारलं. मी औंढा नागनाथ, परळी वैजनाथ आणि तुळजाभवानी अशी नावं भराभर घेतली. देवांपुढे तिला फार बोलता येईना. तिने मुकाट्याने धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि गाडीची कागदपत्रं स्वतः तपासली. सरळ धुळे-सोलापूर रस्त्याने बीडवरून गेलो असतो तर एका दमात तुळजापूर आलं असतं. मी जालना, जिंतूर, परभणी, परळी, लातूर असा अख्खा मराठवाडा वळसा घालून जाणार होतो, हे मात्र, एरवी बीड मागे पडलं असतं त्या वेळेपर्यंत, मी सांगितलं नाही.

जानेवारीत पहाटे चोक ओढून, दहा-बारा किका मारून ही गाडी उठते. एकदा उठली की पन्नास-पंचावन्नला मजेत चालते. सत्तरला कुरकुरते. ऐंशीला नेली की दोन्ही आरसे इतके थरथरतात की मागून येणारा एक ट्रक चार दिसतो, आणि आपण चौघांनाही साइड देऊन मोकळे होतो. समोरून वारा असेल तर ऐंशीचा प्रश्नच मिटतो. मराठवाड्याच्या उघड्या माळावर वाऱ्याला अडवायला काही नाही. त्याने फक्त मलाच अडवलं.

जालन्यापर्यंत जायला आता समृद्धी महामार्ग आहे. ७०१ किलोमीटरचा रस्ता, मोटारींना ताशी १२० ची मुभा, आणि दुचाकीला बंदी. मला त्याचं काही वाटत नाही. जुन्या रस्त्यावर चहा आहे. शिवाय टोलनाक्यावर डाव्या हाताला दुचाकीसाठी जी चिंचोळी बोळ ठेवलेली असते, तिच्यातून बोरं विकणाऱ्या बायांना चुकवत फुकट निघून जाताना, शेजारी तटलेल्या लांबलचक मोटारीतल्या माणसाकडे बघण्यात जे सुख आहे ते मी कशाशीही बदलणार नाही. तो माझ्याकडे बघत नाही, पण ते एक असो.

पेट्रोल पंपावर पोराने सवयीने विचारलं, "शंभरचं?"

"फुल्ल कर."

"फुल्ल?" त्याने शेजारच्या पोराकडे पाहिलं. "कुणाकडं चालले काका?"

टाकीत जेमतेम दहा लिटर मावतं आणि गाडी लिटरला साठाच्या आसपास देते. म्हणजे एकदा टाकी भरली की मराठवाड्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येतं. पण ही टाकी भरायची असते हेच कुणाला ठाऊक नाही. शंभर-शंभरच्या हप्त्यांनी तिचं आयुष्य जातं. पोराने पेट्रोल काठोकाठ आलेलं वाकून पाहिलं आणि दुसऱ्यालाही बोलावून दाखवलं.

खरा प्रसंग मंठ्याच्या पुढे. उसाचा हंगाम. पुढे ट्रॅक्टर, त्याला एकामागे एक दोन ट्रॉल्या, दोन्हीतून ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आहे ते फक्त 'आईचा आशीर्वाद'. मोठ्या गाडीवाला मनगट पिळतो आणि पलीकडे जातो. मला हा निर्णय बराच आधी घ्यावा लागतो. आधी तिसरा गिअर टाकायचा. मग समोरचा रस्ता रिकामा आहे का बघायचं, तोही पार क्षितिजापर्यंत. मग पाठ वाकवून टाकीवर झोपायचं, म्हणजे वारा कमी लागतो. पहिली ट्रॉली निम्मी मागे पडते तोवर मनात आईवडील, बायको, मुलाची फी असं सगळं येऊन जातं. दुसऱ्या ट्रॉलीपाशी पोचतो तेव्हा ट्रॅक्टरवाला खाली बघून हात करतो, म्हणजे ओळख व्हायला पुरेसा वेळ आपण शेजारी-शेजारी काढलेला असतो. एकाने तर मधेच विचारलं, "कुठले हो?" मी "संभाजीनगर" असं ओरडेपर्यंत त्याचं इंजिन आलं. "कुणाकडं?" हे विचारेपर्यंत समोरून आयशर आली आणि मला पुन्हा ट्रॉल्यांच्या मागे जावं लागलं. अपुऱ्या राहिलेल्या संभाषणासाठी तो पुढे चहाच्या टपरीवर थांबला होता.

औंढ्याला देवळापाशी पुण्याची मोठ्या गाड्यांची टोळी आली होती. त्यांच्याभोवती पोरांची ही गर्दी. कुणी सीटवर बसून फोटो काढतोय, कुणी किंमत विचारतोय. मी माझी गाडी शेजारी लावली, तेव्हा त्यातला एकजण फार नम्रपणे म्हणाला, "काका, फ्रेममध्ये येतेय, जरा मागे घेता?" मागे घेतली. मग त्याने मलाच फोटो काढायला लावला आणि विचारलं, "इथं गाभाऱ्यात जायला किती वेळ लागतो? तुमचं काय, रोजचंच असेल."

पार्किंगवाला पावत्या फाडत आला. त्यांच्याकडून पैसे घेतले, माझ्यापाशी आला आणि पुढे निघून गेला. मी त्याला हाक मारली.

"माझी पावती?"

"राहू द्या हो. गावातल्यांचं काय घ्यायचं."

"मी संभाजीनगरहून आलोय."

त्याने गाडीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "हिच्यावर?" आणि मग सगळा उलगडा झाल्यासारखं, फार हळुवार आवाजात म्हणाला, "जा, आधी दर्शन घेऊन या. होतं सगळं नीट." मी पुढे केलेली दहाची नोट त्याने माझ्याच खिशात परत घातली. नामदेवांच्या कीर्तनासाठी इथलं देऊळ फिरलं अशी कथा आहे. मी देवळाकडे फक्त एक पावती मागत होतो.

परभणी ओलांडून गंगाखेडच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि हातांना मुंग्या आल्या होत्या. एका फाट्यावर पटका बांधलेले एक आजोबा उभे. एसटीने मागे 'हात दाखवा, गाडी थांबवा' योजना काढली होती. ती त्यांनी सर्व वाहनांना लागू केलेली दिसली. हात दाखवला, मी थांबलो, त्यांनी काही न विचारता आधी मागच्या सीटवर तुरीची गोणी ठेवली, मग स्वतः बसले, मग म्हणाले, "हं, चला."

आठ हॉर्सपॉवर, दोन माणसं आणि अर्धा क्विंटल तूर. गाडीने तक्रार केली नाही. चौकशी सुरू झाली.

"कुणाकडं चालले पाव्हणे?"

"कुणाकडे नाही. फिरायला निघालोय."

"फिरायला?" थोडा वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं. "नोकरी गेली का काय?"

"नाही हो. रजा काढली."

"मंग रजा काढून घरी बसायचं सोडून..." त्यांनी मागून माझा खांदा दाबला. "जमिनीचं बघायलेत का? आमच्याकडं चार एकर हाय, हिरीचं पाणी हाय."

जमीन नको म्हटल्यावर आडनाव विचारलं. आडनावावरून पुढची दोन-तीन गावं सोयरे-धायरे लावण्यात गेली. गोदावरीचा पूल आला. गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव, पुलावर जरा थांबून नदी बघावी असं मनात होतं. पण आजोबांचं कोडं तेवढ्यात सुटलं.

"आलं ध्यानात! स्थळ बघायलेत. गुपचूप. बरोबर हाय तुमचं, आजकाल न सांगताच जाऊन बघावं मुलाचं."

"मला मुलगी नाही. एक मुलगा आहे, सातवीत."

"मंग भावाची असन." आणि माझ्या भावालाही मुलगी नाही हे सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी पुतण्या पुढे केला. "जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणत्यात, तसा पोरगा हाय. विद्यापीठात हाय."

"कृषी विद्यापीठात?"

"हा. म्हंजे गेटासमोर. झेरॉक्सचं दुकान हाय. सोताचं."

उतरताना गोणी मी उचलून दिली. त्यांनी माझा नंबर घेतला, स्वतःच्या फोनवर मिस कॉल मारून घेतला, आणि सहज म्हणून घर विचारलं. सिडको म्हटल्यावर "कितवं एन?" असं विचारलं. आमच्या सिडको वसाहतीचे भाग एन-एक, एन-दोन असे मोजतात. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला सिडकोचे सगळे एन पाठ असतात, कारण प्रत्येक एनमध्ये कुणीतरी एक पुतण्या राहतो. "कोणत्या देवळापाशी?" तेही सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं.

परळीला वैजनाथाचं दर्शन झालं. अंबाजोगाईकडे बालाघाटाची चढण लागली आणि दुसऱ्या गिअरमध्ये चढता चढता क्लचची केबल तुटली. मोठ्या गाडीची तुटली असती तर ती पुण्याहून मागवली असती. माझी वळणावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली होती, सात-आठ जणींच्या घोळक्यात. मिसरूड न फुटलेल्या पोराने ती चहा येईपर्यंत बदलली. माझी गाडी २०२० च्या आधीची, कार्बोरेटरची. बीएस-सहा आल्यापासून इंजेक्शनच्या गाड्या निघाल्या, त्यांना सेन्सरचं निदान लागतं. हिला पान्यांचा संच आणि एक फडकं पुरतं. पोराने फडक्याने आरसेसुद्धा पुसले आणि मग विचारलं, "काका, मयतीला चालले का? नाही, लई घाईत दिसले."

लातूरला मुक्काम. लॉजच्या रजिस्टरात 'येण्याचे कारण' असा रकाना होता. किती बरं वाटलं म्हणून सांगू. मी ठळक अक्षरांत लिहिलं: पर्यटन. मॅनेजरने रजिस्टर आपल्याकडे वळवलं, वाचलं, खिडकीतून खाली उभी असलेली गाडी पाहिली, 'पर्यटन'वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: खाजगी काम.

"पोलीस बघायलेत सर रजिस्टर," तो म्हणाला. "खरं लिहिलेलं बरं."

निलंगा राईस खाऊन पडलो. रात्रभर हात हँडल धरल्यासारखे थरथरत होते. तेवढ्यात फोन. गंगाखेडचे आजोबा.

"पत्रिका बघतेत का तुमच्यात?"

"बाबा, खरंच मुलगी नाही हो आमच्याकडे."

"बरं, बरं. घरी इचारून सांगा. गडबड नाही."

मुलीकडच्यांनी पहिल्या फोनला असंच बोलायचं असतं, हे मला नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी औशावरून तुळजापूर केलं आणि तिथून नळदुर्ग. सोलापूरच्या रस्त्यावर हा किल्ला आहे, मराठवाड्याच्या अगदी काठावर. बोरी नदीला आडवी घातलेली दगडी भिंत, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातली, आणि त्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे भिंतीवरून कोसळतात आणि आतला माणूस कोरडा राहतो. जानेवारीत धबधबे नव्हते. मला चालणार होतं. आतल्या कमानीत मी बूट काढून बसलो, शेवटचं धपाटं उलगडलं आणि चांगली पंधरा मिनिटं कुणीही काही विचारलं नाही. बायकोचा फोन आला.

"अहो, परभणीहून पाचजण आलेत."

"कोण?"

"झेरॉक्सवाले. मुलगा, त्याचे वडील, मामा, एक शेजारी आणि ते तुमचे आजोबा. तूर आणलीय."

"त्यांना सांग, आपल्याला मुलगी नाही म्हणून."

"सांगितलं. म्हणतात असू द्या, तुमच्या ओळखीत असेल की कुणी. मी चुरमुऱ्यांचा सुशीला टाकलाय. खातायत."

"पण आले कशाने इतक्या लांब?"

"दोन मोटारसायकलींवर."

"पाचजण? दोन गाड्यांवर? जवळजवळ दोनशे किलोमीटर आहे ते!"

फोन स्पीकरवर असावा. मागून आजोबांचा आवाज आला, तोंडात घास होता.

"दोनशे कुठलं हो पाव्हणे, हे काय, इथंच तर हाय. सकाळी चहा पिऊन निघालो. आता चार वाजेपस्तोर निघालं की धारा काढायला घरी."