दुसरं घर थंड का राहतं: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंत की बाहेरच्या लाकडी बॉयलरवर तुमचं घर छान तापतं, पण १८० फुटांवरचं आईबाबांचं घर गारच राहतं, लाकूड सांगितल्याच्या दुप्पट जळतं आणि धूर शेजारी जातो.

गारठ्याचा दोष पूर्णपणे आमचा. दोन्ही घरं आम्ही एकाच एक इंची पेक्स (प्लास्टिकच्या नळीच्या) लाइनवर एकामागोमाग जोडली. ऐन थंडीत आईबाबांच्या घराला ताशी ७०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) लागतात. तिथे पाणी २० अंश फॅरनहाइटने उतरतं असं धरलं, तर मिनिटाला ७ गॅलन पोचायला हवं. जाऊन-येऊन ३६० फूट एक इंची नळीतून एवढं पाणी ढकलायला पंपाला पंचवीसेक फूट हेड (पाणी ढकलण्याचा जोर) लागतं. बसवलेला पंप आहे ११ फुटांचा. सव्वा इंची नळीत हेच काम दहाएक फुटांत होतं, वर प्लेट एक्स्चेंजरचा (बॉयलरच्या पाण्याची उष्णता घराला देणाऱ्या भागाचा) अडथळा धरायचा. म्हणून त्या घराला थेट बॉयलरपासून वेगळी सव्वा इंची लाइन आणि स्वतंत्र पंप आमच्या खर्चाने टाकू. गोठलेली जमीन सुटली की खणायला घेऊ. तोवर तिथली जुनी ऑइल फर्नेस चालू ठेवा, तेलाचं बिल आम्हाला पाठवा.

तुमच्या फोटोत अंगणातला बर्फ नळीच्या रेषेवरच वितळून काळी पट्टी उमटली आहे. नळीभोवती उष्णता राखायला असलेल्या बबल फॉइलच्या गुंडाळीत पाणी शिरलंय आणि उष्णता मातीत चालली आहे. जादा लाकूड काही अंशी तिथेच जातंय. नवी नळी घट्ट फोममधली असेल, दोन्ही टोकं रबरी टोपीने बंद केलेली.

उरलेलं जादा लाकूड आणि धूर मात्र ओल्या ओकचा. गेल्या शरदात तोडलेला ओक यंदा जाळायचा नसतो. फोडून, रचून, वरून झाकून दोन उन्हाळे तरी जाऊ द्यावे लागतात. ओंडका नव्याने फोडा आणि ओलावा मोजणाऱ्या मीटरच्या पिना आतल्या ताज्या बाजूला टोचा. टोकाला मोजाल तर आकडा फसवा, कमी येतो. २० टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. सौम्य थंडीच्या दिवशी भट्टी काठोकाठ भरू नका. हवा बंद होऊन लाकूड नुसतं धुमसतं आणि भिंतींवर डांबर चढतं.

बॉयलरकडे परतणारं पाणी १४० अंश फॅरनहाइटखाली गेलं की भट्टीच्या पोलादावर आतून घाम येतो आणि ते गंजतं. परतीचं पाणी त्याहून गरम राखणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह आम्ही मुळातच बसवायला हवा होता. त्याला खणावं लागत नाही, तो याच आठवड्यात बसवून देतो आणि एक्स्चेंजरआधीची गाळणीही तेव्हाच साफ करतो.