दाखल करण्याआधीचे महिने

भारतात मानसिक आरोग्याच्या कायद्यावर वाद सुरू झाला की दोन गट ठरलेले असतात. एक म्हणतो, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने घरच्यांचे हात बांधून टाकले. मुलगा रात्र रात्र जागा असतो, शेजारी कट करतायत म्हणतो, आणि त्याला दाखल करायला नेलं की आमच्यापुढे नियम ठेवले जातात. दुसरा गट एरवाडीची आठवण करून देतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या त्या गावी आग लागली, साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळताही आलं नाही आणि २८ जण गेले. त्यांना तिथे आणून सोडणारे बहुतेक घरचेच होते.

दोन्ही गट खरं बोलतात. पण इंग्लंडमध्ये इतकी वर्षं राहून हे वाद ऐकताना मला वाटतं, आपलं सगळं भांडण दाखल करण्याच्या दिवसावर येऊन अडतं. माणूस हातचा जातो तो त्याआधीच्या महिन्यांत.

कायदा म्हणाल तर दोन्हीकडचा कागदावर फार वेगळा नाही. इथे १९८३ च्या कायद्याखाली रुग्णाला त्याच्या मर्जीविरुद्ध तपासणीसाठी २८ दिवसांपर्यंत ठेवता येतं. त्याला दोन डॉक्टर आणि एक मान्यताप्राप्त मानसिक आरोग्य व्यावसायिक (बहुधा समाजसेवक) लागतो. भारतात कलम ८९ खाली ही मुदत ३० दिवसांची आहे, दोन तज्ज्ञांनी रुग्णाला तपासावं लागतं आणि अर्ज रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे त्याने आधी नेमलेल्या माणसाने किंवा तसं कुणी नसल्यास नातेवाइकाने, करायचा असतो. म्हणजे भारतात घरच्यांना उलट जास्तच जागा आहे. भूल न देता शॉक देणं आणि साखळीने बांधणं या कायद्याने बंद केलं, ते तर फार आधीच व्हायला हवं होतं.

फरक आहे तो वेळेचा. इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच सायकोसिसची (भास होणं, ठाम खोटे संशय येणं, वास्तवाशी नातं सुटणं) लक्षणं दिसलेल्यांसाठी वेगळी पथकं आहेत. २०१६ पासून त्यांना मोजमाप लावलं गेलं, की रुग्णाला पथकाकडे पाठवल्याचं पत्र आल्यापासून दोन आठवड्यांत उपचार सुरू व्हायला हवेत, निदान निम्म्याहून जास्त रुग्णांचे तरी. माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबात असं पथक आलं तेव्हाची हकिगत त्या आईने मला सांगितली. मुलगा कॉलेजातला. आधी मित्र सुटले, मग झोप उलटीपालटी झाली, अंघोळ बंद झाली. फोन टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवायचा. घरात सगळे म्हणत होते, अभ्यासाचा ताण आहे. शेवटी आईने डॉक्टरांना फोन केला आणि काही दिवसांनी एक नर्स घरी आली. मुलगा खोलीबाहेर येईना, म्हणून ती जिन्याच्या पायरीवर बसली. खोलीत कॅमेरे आहेत, असं तो आतून सांगत राहिला. कॅमेरे नाहीत, असं तिने पटवायचा प्रयत्न केला नाही आणि आहेत असंही म्हटलं नाही. "असं वाटत असताना झोप कशी लागणार? किती दमला असशील," एवढंच म्हणाली. तिसऱ्या भेटीत त्याने दार उघडलं.

ठाम बसलेला संशय वाद घालून जात नाही, उलट आणखी घट्ट होतो. माणूस घाबरलेला आहे, थकलेला आहे, हे मात्र त्यालाही मान्य असतं, तिथून बोलणं सुरू करता येतं. हे घरच्यांना कुणीतरी शिकवावं लागतं. इथल्या शिफारशींत गोळ्यांबरोबर कुटुंबासाठी निदान दहा सत्रं आहेत ती यासाठीच. कमी मात्रेने गोळ्या सुरू करायच्या, वजन, साखर, कोलेस्टेरॉल नियमित बघायचं, कारण यातल्या काही औषधांनी वजन झपाट्याने वाढतं आणि हे रुग्ण पुढे हृदयविकाराने लवकर जातात. आधी थायरॉइड, फिट्स, गांजा, मेंदूचा दाह अशी दुसरी कारणंही तपासायची. हे पथक साधारण तीन वर्षं सोबत राहतं.

इथलं सगळं उचलावं असं मी म्हणणार नाही. तीन वर्षं संपली की पुष्कळांना पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. कृष्णवर्णीयांना सक्तीने दाखल करण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, ही या व्यवस्थेची लाजिरवाणी बाजू आहे. मुलगा १८ वर्षांचा झाला की गोपनीयतेचं कारण देऊन आईवडिलांना फोनवर काही सांगत नाहीत. (सांगता येत नसलं तरी ऐकून घ्यायला कुणाचीच बंदी नाही. घरात काय चाललंय ते पत्रात लिहून द्यावं, ते फाइलला लागतं.)

या ठिकाणी भारतातली मंडळी मला हमखास अडवतात: तिकडे माणसं एकटी, आपल्याकडे कुटुंब आहे. या म्हणण्याला आधारही आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा (सायकोसिसच्या एका दीर्घ आजाराचा) अभ्यास सुरू केला, त्यात आग्रा हे एक केंद्र होतं. विकसनशील देशांतले रुग्ण जास्त चांगले सावरतात, असं त्यातून पुढे आलं. चंदिगडच्या नंतरच्या अभ्यासात तिथल्या घरांत रुग्णावर होणारी टीका आणि धुसफूस लंडनच्या मानाने कमी दिसली. पुढे इतर संशोधकांनी या निष्कर्षाच्या सरसकटपणावर शंका घेतल्या, पण ते सोडा.

माझा मुद्दा वेगळा आहे. उपचार सुरू झाल्यावर मायेचं घर हे मोठं बळ असतं. उपचार सुरू होईपर्यंत मात्र तेच घर उशीर करतं. सांभाळून घेणारी माणसं जितकी जास्त, तितका आजार जास्त दिवस झाकला जातो. मुलगा बोलत नाही, तर त्याच्या वतीने दुसरं कुणी बोलतं. नोकरी सुटली, तर दुसरा भाऊ कमावतो. "बाहेरचं" बघून झालं, स्थळं बघून झाली, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या दारात पोचेपर्यंत दोन-तीन वर्षं गेलेली असतात. या वर्षांचं मोल पुढे आयुष्यभर द्यावं लागतं, कारण उपचाराविना गेलेला काळ जितका लांब, तितकं सावरणं अवघड. बहुतेकांना हा आजार ऐन विशीच्या आगेमागे गाठतो, शिक्षण आणि कामधंदा ठरण्याच्या वयात.

हा काळ कमी करता येतो. नॉर्वेत १९९७ पासून स्टाव्हांगरच्या परिसरात वर्तमानपत्रं, शाळा, डॉक्टर यांच्यामार्फत लोकांना पहिली लक्षणं सांगितली आणि थेट फोन करता येईल असं पथक ठेवलं. उपचारांपर्यंत पोचायला लागणारा वेळ चांगलाच घटला. मोहीम थांबवल्यावर तो परत वाढला. याचा अर्थ, एकदा व्याख्यान ठेवून भागत नाही.

आणि भारतात काहीच नाही असंही नाही. गोवा, सातारा आणि तमिळनाडूत झालेल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, गावपातळीवर प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन रुग्णांना मदत केली. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा फायदा जास्त झाला. फार मोठा नाही, पण झाला. जिन्याच्या पायरीवर बसणारी ती नर्स भारतातही तयार करता येते, त्याला इंग्लंडचा पैसा लागत नाही. २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे, त्यावर घरच्यांनीही बोलावं. कायद्यावर वाद घालणाऱ्या दोन्ही गटांनी एक होऊन आपल्या जिल्ह्यात असे कार्यकर्ते मागितले, तर दाखल करण्याची वेळच पुष्कळांवर येणार नाही.

आता आम्हा परदेशस्थांबद्दल. स्थलांतरितांत सायकोसिसचं प्रमाण जास्त आढळतं, हे १९३२ पासून माहीत आहे; नॉर्वेहून मिनेसोटाला गेलेल्यांच्या नोंदींवरून नॉर्वेचे मानसोपचारतज्ज्ञ ओडेगार्ड यांनी ते दाखवलं होतं. तरी आमच्या मंडळांत यावर कुणी बोलत नाही. मुलाला बरं नसलं की "हवापालट" म्हणून भारतात पाठवतात, तिथे तो बरा दिसतो, गोळ्या बंद होतात. पहिल्या आजारातून सावरल्यावर औषध सोडणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका सुमारे पाचपट असल्याचं एका दीर्घ अभ्यासात दिसलं आहे.

कॅनडातल्या कॅल्गरीत राहिलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्वतःच्या घरात हा आजार पाहिला आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. शुभार्थी (रुग्ण) आणि शुभंकर (त्यांना सांभाळणारे घरचे) तिथे एकत्र बसतात, एकमेकांना रस्ता सांगतात. परदेशातल्या प्रत्येक मोठ्या मराठी मंडळाने महिन्यातून एकदा शुभंकरांची अशी बैठक घ्यावी, ऑनलाइन आणि नाव न विचारता, असा प्रस्ताव मी आमच्या मंडळाकडे दिला आहे. भारतात जाणाऱ्या रुग्णासोबत औषधांची यादी आणि तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांसाठी पत्र असावं, आणि ते विमानाचं तिकीट काढतानाच मागून घ्यावं, हे पहिल्याच बैठकीत सांगायचं आहे.