हिरव्या पेट्या आणि फोर्टचा फूटपाथ

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला निघाली आहे आणि रहिवाशांच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, पॅरिस बघा, दीडशे वर्षांच्या इमारती कशा जपल्यात, आपण मात्र सगळं पाडत सुटलोय. दुसरे म्हणतात, पॅरिस सिनेमात बघणाऱ्यांनी आधी सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहावं, मग बोलावं. दादा या दुसऱ्या तटातला. परवा फोनवर म्हणाला, "तू तिथे राहतेस ना, मग तूच सांग."

सांगते. चाळ पाडायलाच हवी. आईला तिसरा मजला चढवत नाही, आणि पावसाळ्यात जिन्याच्या कठड्याला हात लावायची मलाच भीती वाटते. पण पॅरिसचा दाखला दोन्ही तट चुकीचा देतायत. इथल्या इमारती जपल्या गेल्या हे खरं. तरी आपण ज्या पॅरिसवर जीव टाकतो, ते पुस्तकांचं, सिनेमाचं, झोकात चालणाऱ्या माणसांचं पॅरिस भिंतींमुळे टिकलेलं नाही. ते टिकलंय तळमजल्यामुळे, रस्त्याकडे उघडणाऱ्या छोट्या दुकानांमुळे.

आमच्या घरात पॅरिस आलं ते शम्मी कपूर आणि शर्मिला टागोर यांच्या १९६७च्या सिनेमातून. त्यामुळे पॅरिसची स्टाइल म्हणजे महागडे कपडे, अशी माझी समजूत होती. इथे अकरा वर्षं काढल्यावर लक्षात येतं ते वेगळंच. कॅफेतल्या खुर्च्या एकमेकींकडे नाही, रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या असतात. दर दहा पावलांवर कुणाचं तरी उघडं दार असतं. सत्तरीची बाई कोपऱ्यावर पाव आणायला निघते तेव्हाही गळ्यातला रुमाल नीट बांधते, कारण वाटेत चार ओळखीचे तिला बघणार असतात. बघणारं कुणी असेल तर माणूस नीटनेटका निघतो. रस्ता ओस पडला की ही स्टाइलही जाईल.

सीन नदीच्या काठावरच्या, जुनी पुस्तकं विकणाऱ्यांचंच घ्या. त्यांना बुकिनिस्त म्हणतात. नदीच्या कठड्यावर गडद हिरव्या रंगाच्या पेट्या ठोकलेल्या असतात, एकेक दोन मीटर लांब. सकाळी कुलूप काढायचं, झाकण वर उचलून टेकवायचं की दुकान उघडलं. एकेकाला अशा चार पेट्या मिळतात. जागेचं भाडं नसतं, पण आठवड्यातून किमान चार दिवस दुकान उघडावं लागतं, आणि चारपैकी एकाच पेटीत किचेन-मॅग्नेटसारख्या वस्तू ठेवता येतात. बाकी तीन पुस्तकांच्याच. एवढ्या साध्या नियमावर ती सगळी ओळ उभी आहे. २०२३मध्ये पोलिसांनी ऑलिंपिकच्या उद्घाटनासाठी यातल्या शेकडो पेट्या हलवायच्या ठरवल्या. पुस्तकवाले म्हणाले, जुनी लाकडं आहेत, उचलली तर मोडतील. महिनोन् महिने वाद चालला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये राष्ट्राध्यक्षांनीच सांगितलं, पेट्या जागच्या हलणार नाहीत.

ती बातमी वाचली आणि मला फोर्ट आठवला. २००५मध्ये महापालिकेच्या कारवाईत फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवरचे बहुतेक पुस्तकवाले उठले. कॉलेजात असताना मी तिथे उकिडवी बसून पुस्तकं निवडायचे. नंतर काही जण परत आले, पण ती आधीची रांग पुन्हा उभी राहिली नाही. या लोकांनी सरकारकडे कधी पैसे मागितले नव्हते. त्यांना फक्त जागा हवी होती.

नव्या पुस्तकांच्या दुकानांना फ्रान्सने दुसऱ्या वाटेने जगवलं. १९८१च्या कायद्याने नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदाराला पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही. त्यामुळे गल्लीतल्या दुकानाला मोठ्या साखळीशी किमतीवर झुंजावं लागत नाही. आपल्याकडे हा कायदा जसाच्या तसा आणा, असं मी म्हणणार नाही. टी. एन. शानभाग यांनी १९४८मध्ये एका सिनेमागृहात सुरू केलेलं स्ट्रँड बुक स्टॉल सवलतीसाठीच तर प्रसिद्ध होतं, आणि त्या सवलतीमुळे आमच्यासारख्यांच्या घरात पुस्तकं आली. २०१८मध्ये ते बंद झालं तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळून लिहिलं. त्याच्या आधीच्या पाच वर्षांत तिथे पुस्तक घेतलं होतं का, हे मात्र स्वतःला विचारायला हवं. मी घेतलं नव्हतं.

सिनेमाचं तर या दोन शहरांचं सख्खं नातं आहे. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये एका कॅफेच्या तळघरात लोकांकडून पैसे घेऊन चित्रपट दाखवले. त्या दालनाचं नाव ‘सालों आँदियँ’, म्हणजे भारतीय दालन. पुढच्याच ७ जुलैला मुंबईत वॉटसन हॉटेलात खेळ झाला. आज पॅरिसच्या त्या जागी भिंतीवर पाटी आहे. आपलं वॉटसन मोडकळीला आलं आणि २०१९मध्ये रिकामं करावं लागलं. पण मला पाटीपेक्षा शाँपोलियाँ नावाच्या गल्लीतली तीन छोटी थिएटरं मोलाची वाटतात. गल्लीची लांबी जेमतेम एका चाळीएवढी, आणि मंगळवारी दुपारी जुन्या कृष्णधवल सिनेमाला रांग लागते. इथल्या प्रत्येक तिकिटातला दहा टक्क्यांहून थोडा जास्त भाग सिनेमाच्या निधीत जमा होतो, त्यातून अशा थिएटरांनाही मदत मिळते.

आता दुसरी बाजूही सांगते. मी पॅरिसमध्ये राहत नाही, रिंगरोडच्या बाहेर राहते, कारण आतलं भाडं परवडत नाही. त्या गल्लीत झाडू मारणारा, कॅफेत भांडी घासणारा बहुतेक करून मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनवरून येतो. गिरगावात आजही कारकून, भाजीवाली आणि डॉक्टर एका जिन्याने चढतात. हे पॅरिसने कधीच गमावलंय. त्यामुळे तिथलं ते सगळं उत्तम आणि आपलं वाईट, असं म्हणणाऱ्या तटात मी नाही.

मुंबईतही तळमजला कायद्यानेच जगवला होता, आपल्या ते लक्षात आलं नाही एवढंच. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. घरमालकांवर त्यात अन्याय झाला आणि इमारतींची डागडुजी थांबली, हे खरंच. पण त्या पागडीच्या भाड्यावर कितीतरी इराणी हॉटेलं, छापखाने, वाचनालयं तगली. आमच्या चाळीखालचं वाचनालयही त्यातलंच. दीडशे चौरस फूट, छतापर्यंत मांडण्या, ऑक्टोबरपासून दाराशी दोरीवर लटकवलेले दिवाळी अंक. माझं निम्मं वाचन त्या दोरीखाली झालं. नव्या आराखड्यात ते चालवणाऱ्या काकांना तेवढीच जागा मिळणार आहे, पण दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. रस्त्याकडचे गाळे विक्रीचे. लिफ्टने वर जाऊन दिवाळी अंक कोण आणणार? पॅरिसच्या नगररचनेत काही रस्त्यांवर तळमजल्याचं दुकान दुकानच ठेवावं लागतं, त्याचं घर किंवा गाडीतळ करता येत नाही. दाखला द्यायचाच तर हा द्या.

रविवारी सभा आहे. दादाने विचारलंय, नेमकं काय मागायचं. मी लिहून पाठवलंय: वाचनालय तळमजल्यावर, दार रस्त्याकडे, दीडशे फूट, आणि करारात लेखी.