आजीचं पाकीट

आज दुपारी एसटी स्टँडवर एक ओळखीचे गृहस्थ मोठ्याने सांगत होते, "म्हाताऱ्यांची घरून नेलेली मतं कोण मोजतंय? तालुक्यालाच टाकून देतात." चौघं माना हलवत होते. डोकं फिरलं माझं. तिथे बोलले, तरी राग जाईना.

२०२४ च्या लोकसभेला माझ्या आजीने घरून मत दिलं. वय ८५ च्या पुढे, गुडघे गेलेले, शाळेपर्यंतची घाटी तिला उतरवत नाही. पथक वाडीत आलं, सोबत पोलीस आणि कॅमेरावाला. पडवीत पुठ्ठ्याचा आडोसा लावला, आम्हाला खळ्यात पाठवलं. मतपत्रिका तिने स्वतः लहान पाकिटात घातली. ते पाकीट आणि घोषणापत्र (मतदार मीच, असं सही करून दिलेला कागद) मोठ्या पाकिटात गेलं. मग तिने साहेबांनाच विचारलं, "ह्या पाकीट तुमी खंय ठेवतलास?" त्यांनी न चिडता सगळं सांगितलं: पेटी, सील, कुलूपबंद खोली, पहारा. केंद्रांवरचं मतदान ७ मेला, मोजणी थेट ४ जूनला रत्नागिरीत. म्हणजे महिनाभर ते पाकीट कुलपात. एवढं सगळं करणाऱ्या माणसांना चोर म्हणताना जीभ कशी वळते?

पण आता लिहिताना राग दुसरीकडेच वळतोय. कुलूप चांगलं आहे हो. पाकीट मरतं ते मोजणीच्या टेबलावर. आधी मोठं पाकीट उघडतात. घोषणापत्र नाही, सही राहिली, क्रमांक जुळला नाही, की आतलं पाकीट न उघडताच बाद. नियम हवा, नाहीतर कोणीही कोणाचंही पाकीट पाठवेल, मान्य. पण घरच्या मतदानात घोषणापत्राचं साक्षांकन, म्हणजे मतदाराची ओळख पटल्याची सही, पथकातला अधिकारी करतो. त्याची सही राहिली तर मत जाणार आजीचं! आणि घरून मत देण्यासाठीचा १२डी अर्ज मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. तिच्याकडे तेवढं एकच पाकीट होतं.

मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला, तेव्हा बाद टपाली मतं (घरून दिलेली मतंही त्यांतच धरतात) पुन्हा तपासावी लागली. त्या मतदारसंघात आपली कोकणातली किती माणसं राहतात! आता सप्टेंबर २०२५ पासून टपाली मतं मोजून झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही, असं आयोगाने ठरवलंय. बरं केलं, मनापासून.

पण आजीने त्या जूनमध्ये मला विचारलं, "माझा मत धरलां मां?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला कोणी काही कळवलंच नाही. नाव घोषणापत्रावर असतं, मत आतल्या पाकिटात. मग 'धरलं' की 'बाद' एवढंच सांगितलं तर गुप्तता कुठे मोडते? मतदारयादीचं काम बघणाऱ्या बीएलओ ताई अर्ज घेऊन घरापर्यंत येतात ना? निकालानंतर त्यांच्याच हाती एक चिठ्ठी द्या. बाद झालं असेल तर कारणासकट.