कुडा मेला नव्हता

आमच्या सोसायटीतला कुडा फेब्रुवारीत तोडला. "वाळलाय, कुणाच्या तरी अंगावर पडेल," असं कारण सांगितलं. संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा बुंध्यावर पांढरा चीक ओघळून सुकला होता. वाळलेल्या झाडाला चीक कुठून येईल?

कुडा पानगळीचा आहे हो. थंडी सरताना त्याची पानं पिवळी पडून गळतात. उघड्या फांद्यांवर जोडीजोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा तेवढ्या उरतात. त्या तडकल्या की भुऱ्या केसांचा झुबका घेऊन बी वाऱ्यावर निघतं. हेच ते औषधात वापरतात ते इंद्रजव. मग उन्हाळ्यात पालवी फुटते आणि पांढऱ्या फुलांचे घोस येतात. शंका होती तर फांदीवर नख मारून बघायचं. साल खरवडल्यावर आत हिरवं दिसलं की झाड जिवंत. एवढंही कुणी केलं नाही, याचा मला अजून राग येतो.

हे झाड मी चिपळूणकडच्या आमच्या गावाहून आणलेल्या बियांचं केलं होतं. आई त्याच्या फुलांची भाजी करायची. फुलं उकडून, कडू पाणी पिळून टाकून, कांदा आणि ओलं खोबरं घालून. बी रात्रभर भिजवून माती, वाळू, शेणखताच्या पिशवीत लावलं आणि पुढच्या जूनमध्ये रोप आंब्याच्या उन्हसावलीत उतरवलं. रानातही तो मोठ्या झाडांच्या आडोशाला सुखाने वाढतो. पहिले दोन उन्हाळे बेताचं पाणी दिलं, पुढे तेही लागलं नाही. पानं गळतात म्हणून घाबरून पाणी ओतू नका, मुळं कुजतात. पानं टाकून तो स्वतःच पाणी वाचवत असतो. गळलेली पानं झाडून घंटागाडीत देण्यापेक्षा आळ्यातच पसरा.

बारमाही हिरवं हवं म्हणून आपण कुंड्यांतून पाम आणतो आणि इथल्या मातीतलं झाड दोन महिने उघडं दिसलं तर कोयता काढतो. हे मला मान्य नाही.

पहिल्या पावसानंतर खुंटाला धुमारे फुटले. दोन जोमदार ठेवले, बाकीचे काढले. शेजारी पाटी लावली आहे: "कुडा. थंडी सरताना पानं गळतात. तोडू नये."

जानेवारीत गावी जाणार आहे, शेंगा आणेन. बी हवं असेल त्यांनी आत्ताच सांगून ठेवा.