स्वस्तातली बुखारी घ्यायचीय? या, सोबतच खोकू

डिसेंबर उजाडला की पेपरवाले वेण्णा लेकवर दव गोठल्याचा तोच फोटो छापतात, आणि घाटावर घर असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो की आपल्याकडं पण एखादी लाकडाची शेगडी पाहिजे राव. आमचं गावाकडचं घर केळघर घाटाच्या वरल्या अंगाला आहे, आई तिथंच राहते, साताऱ्याला चल म्हटलं की मध्ये म्हैस येते. हीटर लावला की एमसीबी पडतो आणि नाही पडला तर लाइट तरी जाते. त्यात आमचे दाजी मनालीची टूर करून आले, तिथल्या हॉटेलात मधोमध बुखारी, म्हणजे लाकूड जाळायची पत्र्याची बंद शेगडी, भोवती सगळे गोल बसलेत, काय ऊब, काय सांगू. झालं, चार दिवसांत बुखारी मागवली. ८,९९९ रुपये, फ्री डिलिव्हरी. आता एवढा अनुभव गाठीशी आहे तर तुम्हाला चार गोष्टी सांगाव्यात म्हटलं.

सगळ्यात आधी, फोटो बघून घ्या. फोटोत बर्फ पडतोय, गोरी बाई मग घेऊन बसलीय, कुत्रं झोपलंय, म्हणजे माल चांगलाच असणार. पत्रा किती एमएमचा ते अजिबात विचारू नका. पाच-सहा एमएमचं जाड प्लेट किंवा बिडाची शेगडी तापायला वेळ लावते आणि विझल्यावर पण तास-दोन तास ऊब धरून बसते, एवढा धीर कुणाला आहे? आपली दोन एमएमची घ्या. दहा मिनिटांत लालबुंद, विझली की दहा मिनिटांत गार, आणि आठवड्याभरात अशी वाकडी होते की दार लागतच नाही. आत विटांचं अस्तर नाही, दाराला दोरीचं पॅकिंग नाही. दार लागत नाही म्हणजे हवा कमी-जास्त करता येत नाही, मग लाकूड भसाभसा जळतं, मग तुम्ही रात्रभर उठून लाकडं घालत बसता. व्यायाम होतो.

काच साधी टफन असली तरी चालतंय, तिसऱ्या दिवशी तडकते, मग आत काय चाललंय ते आणखी नीट दिसतं.

रिव्ह्यू जरूर वाचा. "पॅकिंग छान होतं" पाच स्टार, "अजून वापरली नाही" पाच स्टार.

लाकूड ओलंच घ्या. वखारीत वजनावर मिळतं, आणि ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, म्हणजे क्विंटलभर सरपण घेतलं की चार-पाच घागरी पाणी फुकट. फुकट कसलं, विकतच. ते पाणी शेगडीत आधी उकळणार, वाफ होऊन वर जाणार, आणि एक लिटर पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात, त्या सगळ्या तुमच्या खोलीच्या वाटणीतल्या. मग उरतो तो धूर. लाकूड फोडून, आडोशाला, वारं लागेल असं रचून सहा महिने ते वर्षभर वाळवायचं असतं, पाणी वीस टक्क्यांच्या खाली आलं की मगच ते जळण, हे माझ्या आजीला कुठल्याही मीटरशिवाय कळायचं, दोन फाटे एकमेकांवर आपटून आवाज ऐकायची. आम्ही मात्र महाबळेश्वर तालुक्याचा पाऊस अंगावर घेतलेलं जांभळाचं लाकूड दिवाळीनंतर तोडून आणलं आणि डिसेंबरात पेटवलं. म्हैस पण शिंकली.

आता धुराड्याचं बघू. धुराडं हा फालतू खर्च आहे, त्यावर पैसे घालवू नका. शेगडीसोबत कंपनी तीन फुटी पाइप देते, त्या तीन फुटात धूर कुठं जाणार हे कंपनीला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, धुराला पण माहीत नाही. मग एमआयडीसीतला एखादा फॅब्रिकेशनवाला पकडा. त्याला सगळं येतं. ग्रील येतं, गेट येतं, ट्रॉली येते, म्हणजे धुराडं येणारच. त्यानं आल्याआल्या टेप न लावता सांगितलं, साहेब सहा इंची पाइप नाही, चार इंची आहे, रिड्यूसर मारतो. सहा इंची तोंडाला चार इंची पाइप म्हणजे धुराला वाट निम्म्यापेक्षा कमी, हे सातवीतल्या पोरानं पण वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून सांगितलं असतं, पण आम्ही दोघं सातवीच्या लई पुढं गेलेलो. वर पाइप जीआयचा. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो, तो तापला की त्याचा धूर छातीत जातो आणि थंडी वाजून ताप भरतो, म्हणून तो शेगडीला लावायचा नसतो. हे मला नंतर कळलं, त्याला अजून कळलेलं नाही. मग म्हणाला पत्रा कापला तर पावसाळ्यात गळंल, त्यापेक्षा भिंतीतून आडवा काढू. आडवा! अरे गरम हवा वर जाते म्हणून तर धुराडं ओढतं, तेवढ्या एका गोष्टीवर तो सगळा कारभार चालतो, पाइप सरळ उभा पाहिजे, छपरातून निघतो तिथून कमीत कमी तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काय असंल त्याच्यापेक्षा दोन फूट उंच. आमचा पाइप दोन काटकोनी एल्बो खाऊन वळचणीखाली बाहेर पडला, थेट घाटाकडं तोंड करून. घाटातनं वारं आलं की धूर आल्या वाटेनं घरात. शेवटी वर न्यायचं ठरलं तर पीव्हीसीच्या सीलिंगला पाइपाएवढंच भोक पाडलं, अगदी फिट्ट, केसाची फट नाही. पीव्हीसी ऐंशी डिग्रीलाच मऊ पडतं. एकेरी पाइपापासून जळण्या-वितळण्यासारखं काहीही दीड फूट लांब पाहिजे, आमच्याकडं शून्य. सीलिंग भाजलेल्या पापडासारखं गोळा होऊन आईच्या पलंगाच्या पायथ्याशी पडलं. पायथ्याशी म्हणून बरं. आणि साहेबांनी मजुरीचे साडेचार हजार मोजून घेतले, फोन केला तर म्हणतो, "साहेब तुम्ही लाकडं जास्त घालताय."

कस्टमर केअरला फोन करा, "सर, हमारे यहाँ से प्रोडक्ट ओके गया है."

शेगडी मोठीच घ्या. हजार स्क्वेअर फूट तापवते म्हणून लिहिलेली. दहा बाय बाराच्या खोलीत ती पूर्ण पेटवली तर बसवत नाही, म्हणून हवा दाबून धुमसत ठेवायची, की पाइपात आतून डांबरासारखी काजळी बसते, आणि एखाद्या दिवशी तीच पेट घेते. बाहेरच्या खोलीला तर आमच्या कौलं आहेत, ऊब सगळी कौलांतनं वर. आई म्हणाली, "आरं, आभाळ तापवायला लागलायस व्हय?"

तर ऊब बाहेर जाते म्हणून शेवटची टिप. आईच्या खोलीची खिडकी पेपर कोंबून बंद करा, दाराखाली चिंध्या लावा, निखारे रात्रभर टिकावेत म्हणून पाइपातली झडप फिरवून लावून घ्या आणि झोपा.

मी हेच केलं. मी. सकाळी आई उठेना. हाक मारली तर डोळे उघडले, डोकं लई जड झालंय म्हणाली, उठून बसली आणि ओकली. ओसरीवर नेऊन बसवली, तासाभरानं चेहऱ्यावर रंग आला. मेढ्याला दाखवलं, डॉक्टर माझ्याकडं असे बघत होते की मान वर झाली नाही माझी.

निखाऱ्यांतनं कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्या गॅसला वास नाही, रंग नाही, धुरासारखं डोळे चोळत उठवत पण नाही. रक्तात ऑक्सिजनच्या दोनशेपट जोरानं चिकटतो. निखारे शांत झालेत, धूर दिसत नाही, असं वाटतं तेव्हाच तो होत असतो. तुम्ही ऊब राहावी म्हणून खिडकी बुजवता आणि आत तुमची आई असते. आणि हे फक्त बुखारीचं नाही, कोळशाची शेगडी, घमेल्यातला जाळ, काहीही बंद खोलीत घेऊन झोपता ना, अक्कल कुठं ठेवता? दरवर्षी पेपरात बातमी वाचता, च् च् करता आणि पान उलटता, मी पण तेच करायचो. आधी सांगा धुराडं कुठून वर जाणार, कोण चढून ते वर्षातून एकदा साफ करणार, बाहेरची हवा कुठून आत येणार, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठं लावणार. ते पैसे बाजूला काढा. त्यानंतर उरले तर शेगडी बघा, नाही उरले तर दोन वाकळा घ्या आणि गप पडा. नऊ हजाराची शेगडी म्हणजे पंचवीस हजाराचं काम असतं, ते करायची ऐपत नव्हती माझी, तरी नऊ हजारात मनाली पाहिजे होती.

आई साताऱ्यात आहे सध्या, रोज सकाळी म्हशीचं विचारते. बुखारी गोठ्याबाहेर पडलीय. दाजी, वाचत असाल तर रविवारी गाडी घेऊन या आणि घेऊन जा ती. २२ किलो आहे, उचलायला माणूस पण तुम्हीच आणा.